विहीणबाईंसाठी काठी

“लग्न तिकडे होणार नाही,” थोरल्या बाईंनी सांगितले आणि हातातली फळी उलटून तिची दुसरी बाजू तपासायला घेतली.

परदेशात नोकरी करणारी त्यांची नात सुट्टीवर आली होती आणि कारखान्याच्या दारात, लाकडाच्या भुशात उभी होती. तिने पसंत केलेला मुलगा तिकडचाच होता. त्याबद्दल बाईंची तक्रार नव्हती. मुलगा सरळ होता, नजरेला नजर देऊन बोलत होता. परंतु या घरातले प्रत्येक लग्न कारखान्याच्या अंगणात, कारखान्यातच घडवलेल्या सागवानी बाकावर वधूवरांना बसवून लागले होते. आता ते समुद्रापलीकडच्या एका भाड्याच्या दालनात लागावे आणि मुलीकडच्यांनी तिथे हाताची घडी घालून पाहुण्यांसारखे बसावे, हे ऐकून त्यांची कानशिले तापली.

“मुलीचं लग्न मुलीच्या दारात लागतं,” त्या म्हणाल्या. “तू काय आम्हाला वाटेवर सापडली होतीस?”

नातीने वाद घातला नाही. ती खाली बघत म्हणाली, “आजी, त्याच्या आजीला प्रवास झेपायचा नाही गं. पाय गेलेत. तिच्या डोळ्यांदेखत व्हावं एवढंच आहे. तुला सांगणार नव्हते.”

थोरल्या बाईंनी फळी खाली ठेवली. राग गिळण्याची त्यांना सवय नव्हती, तरी त्या दिवशी त्यांनी तो गिळला. अंथरुणाला खिळलेल्या बाईशी भांडून कोणी मोठे होत नसते.

मुलाची आणि सुनेची मात्र त्यांनी गय केली नाही. तिकडच्यांची म्हातारी आजारी आहे तर त्यांनी तिला खांद्यावर घेऊन यावे, आम्ही का फरफटत जावे, हे त्या उठता बसता ऐकवत राहिल्या. मुलाने धीर करून म्हटले, की आई, तू कारखान्याचा जिना कठडा न धरता चढतेस, तुला विमानाचं कसलं भय. भय नाही, अपमान आहे, असे उत्तर त्याला मिळाले. सून स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही.

मग त्यांनी अटी घातल्या. बाक इथून जाईल. लग्नाची वेळ त्या ठरवतील. पुढच्या रांगेत मुलीकडचे बसतील आणि पहिला शब्द आपल्या भाषेत उच्चारला जाईल. यातले काही मान्य होणार नाही आणि आपल्याला नकार द्यायला जागा मिळेल, अशी त्यांची अटकळ होती. नातीने सारे तिकडे कळवले. सगळ्याला होकार आला, तोही लगेच.

“एवढ्या मुकाट्यानं?” बाई अधिकच चिडल्या. “माणसं आहेत की मेणाचे पुतळे? समोरच्यानं दोन शब्द तरी उलट बोलावेत.”

“त्याची आजी म्हणाली, तुमच्या मनासारखं होऊ दे. आता आणखी काय हवंय तुला?”

एका दुपारी नातीने दोघी आज्यांची मोबाइलवर गाठ घालून दिली. तिने थोरल्या बाईंना कोचावर बसवले, पाठीशी उशी सारली आणि गुडघ्यांवर शाल पसरली. उकडतंय, अशी बाईंनी तक्रार केली, तर शालीत तू भारदस्त दिसतेस, असे उत्तर मिळाले. मध्येच उठू नकोस, चेहरा कापला जातो, असेही नातीने बजावले.

पडद्यावर तिकडच्या विहीणबाई उमटल्या. खुर्चीत रुतलेल्या, मांडीवर जाड पांघरूण. चेहऱ्यावर आजाराची खूण नव्हती. उलट कपाळावर हुकमत होती. तशी बाई खुर्चीला जखडावी, याचे थोरल्या बाईंना मनापासून वाईट वाटले. परंतु आजारी माणसासमोर आजाराचा शब्द काढायचा नाही, हा दंडक या घराला त्यांनीच घालून दिला होता, आणि नात त्याच दंडकात वाढली होती. त्यांनी हवापाण्याची चौकशी केली. विहीणबाईंनीही हवापाण्याचीच केली. नात इकडचे तिकडे करून सांगत होती. निरोप घेताना विहीणबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला.

“काय म्हणतायत?” बाईंनी विचारले.

“एवढ्या लांबून येतेस, म्हणून भरून आलंय त्यांना.”

दुसऱ्या दिवशी थोरल्या बाईंनी मिस्त्रीला बोलावले आणि शिसवीची एक काठी घडवून घेतली. मूठ त्यांनी स्वतः घासली, हाताला कुठे टोचू नये म्हणून. मनातला राग गेला नव्हता. पण राग निरोगी माणसांवर काढायचा असतो.

नात पुढे निघून गेली. विमानतळावर मी एकटीच येईन, विहीणबाईंना थेट दालनात भेट, तुम्हा दोघींना पाहुण्यांच्या आधी आणून बसवते, असे तिने पुन्हा पुन्हा सांगितले. कोणी कुठे बसायचे हे आम्हाला कालची पोर शिकवणार, असे बाई विमानात सुनेला म्हणाल्या.

सामान यायला उशीर लागला. मुलाला आणि सुनेला तिथेच सोडून थोरल्या बाई काठी काखेत मारून ताठ मानेने, झपाझप बाहेर आल्या. कठड्यापलीकडच्या गर्दीत नात दिसली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती दोन्ही हातांनी, मागे जा, मागे जा, अशा खुणा करीत होती. तेवढ्यात तिला कोपराने बाजूला सारून एक उंचीपुरी म्हातारी लांब ढांगा टाकीत पुढे आली. कपाळावरची ती हुकमत बाईंनी तत्क्षणी ओळखली.

विहीणबाई चाकांची एक रिकामी खुर्ची ढकलत होत्या. त्यांनी ती थोरल्या बाईंसमोर आणून उभी केली, तिच्यावरची जाड शाल उचलून झटकली आणि पाणावल्या डोळ्यांनी, अतिशय मायेने, बसण्याची खूण केली.