फायनल आणि बाथरूमचा पंखा

साम्राज्यं बाहेरच्या शत्रूमुळे बुडत नाहीत, घरभेद्यामुळे बुडतात. हा सिद्धांत धैर्यशीलने मांडला तेव्हा तो बाथरूममध्ये स्टुलावर उभा होता, हातात स्क्रूड्रायव्हर होता आणि डोक्यावर एक्झॉस्ट फॅनमधून पडलेलं भलंमोठं जळमट.

"पडशिला," खालून त्याची बायको संयोगिता म्हणाली. "इतिहास मग सांगा. मी धरलोय स्टूल."

हीच तर अडचण होती. संशय जिच्यावर, तिच्याच हातात स्टूल.

धैर्यशील शिवाजी पेठेतल्या गरुडझेप फुटबॉल संघाचा मॅनेजर. संयोगिताचं माहेर पलीकडच्या पेठेतलं, आणि तिथलं सगळं घर शिलेदार संघासाठी जीव टाकणारं. लग्नात दोन्हीकडच्या पंगती वेगवेगळ्या बसवाव्या लागल्या होत्या. तेवढं कोल्हापुरात चालायचंच.

पण लीगच्या मॅचला संघाच्या हुकमी खेळाडूला, सम्राटला, उजवीकडून काढून डावीकडे खेळवायचं, हे आदल्या संध्याकाळी फोनवर ठरलं. आणि मैदानात बघतात तर शिलेदारचे दोन धटिंगण पहिल्या मिनिटापासून डावीकडेच त्याची वाट बघत उभे. ठाऊक होतं ते दोघांनाच, कोच कृष्णातला आणि धैर्यशीलला. तेव्हापासून धैर्यशील संघाच्या अड्ड्यावर, तालमीत शिरला की लोकांचं बोलणं थांबायचं. उद्या शिलेदारशीच फायनल. याही वेळी टीमची बातमी फुटली तर मॅनेजरकी जाणार, आणि पेठेत तोंड दाखवायची सोय उरणार नाही.

बरं, तो काही गाफील माणूस नव्हता. कृष्णातशी बोलणं तो बाथरूममध्येच उरकायचा. दाराला कडी, पंखा चालू. पंखा इतका खडखडायचा की कृष्णातला ऐकू जावं म्हणून घसा ताणावा लागे. पण बाहेर हॉलमध्ये त्यातला एक शब्द पोचत नसे. हे त्याने नीट पारखून घेतलं होतं.

मग बातमी जात होती कशी? परवा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. संयोगिताही फोन घेऊन बाथरूममध्ये जायची. तीही पंखा लावायची. मुळात टीम तिला कळते कशी, आपण झोपेत बरळतो की काय, हा भाग त्याने पुढच्या तपासासाठी राखून ठेवला. आधी पंख्याचं तोंड बंद करायचं. मग ती काय बोलते ते ऐकायचं.

म्हणून आज ही दुरुस्ती. घराचा मेन स्विच त्याने पाडला होता आणि वर चिकटपट्टी लावली होती.

"चिकटपट्टी कशाला?" संयोगिताने विचारलं.

"चुकून कुणी वर करू नये म्हणून."

"कुणी म्हंजे? घरात तुमी नि मीच हाय की."

धैर्यशीलने वायरीला टेस्टर लावून पाहिला, करंट नाही याची खात्री केली आणि पंखा भिंतीतून बाहेर काढला. भोकातून खालची गल्ली दिसली. बरोबर खाली गुंडूचं इस्त्रीचं टेबल होतं. गुंडू इस्त्री उभी करून वर बघत होता.

"काय दादा, पंखा काढताय व्हय?"

"खडखडतोय रे लई."

"खडखडू दे की! सवय झाल्या आमाला."

माणसाचा जीव कशावर जडेल सांगता येत नाही, असं म्हणून धैर्यशील कामाला लागला. पाती साबणाच्या फडक्याने पुसली, मोटरला पाणी लागू दिलं नाही. दांड्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला. खरा गोंधळ फ्रेमच्या ढिल्या स्क्रूंचा होता. खाली रबरी वॉशर घालून ते आवळले. पातं कुठे घासत नाही हे हाताने फिरवून बघितलं, आणि मगच खाली उतरून स्वतःच्या हाताने मेन वर केला.

पंखा फिरतोय की नाही, हे समजायला वर बघावं लागलं.

संध्याकाळी माहेराहून बहिणीचा फोन आला, तो घेऊन संयोगिता बाथरूममध्ये गेली. धैर्यशीलने दाराला कान लावला.

"व्हय गं निशिगंधा. न्हाय, उद्या मी गरुडझेपच्या बाजूलाच बसणार. तिकडनं मला हात करू नको, ह्यांना वाईट वाटतंय." मग जरा थांबून, "हळू बोल. हे दाराला कान लावून उभारल्यात. दमल्यात बिचारे, पंखा नीट केलाय आज."

दार उघडलं. धैर्यशील भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

"माझ्यावर संशय व्हय?" ती चिडली नव्हती, हे जास्त वाईट होतं. "एवढंच सांगा. उद्या हरलासा तर मला माहेरी धाडणार?"

"बघू," तो म्हणाला. नाही म्हणायला हवं होतं, हे त्याला कळलं. पण तेवढ्यात कृष्णातचा फोन आला.

तो बाथरूममध्ये गेला, कडी घातली, पंखा लावला. आता ओरडायचं कारणच नव्हतं. सगळी टीम त्याने कुजबुजत ठरवली.

मग फायनलचा पांढरा शर्ट घेऊन तो इस्त्रीला खाली उतरला. दूध आणायला म्हणून संयोगिता बरोबर आली.

गुंडूने शर्टाला इस्त्री मारली, घडी घातली. इकडंतिकडं बघितलं, वहिनींना मानेनंच नमस्कार केला आणि आवाज खाली आणला.

"दादा, आमच्या शिलेदारवाल्यांत तुमचं लय नाव हाय. सासुरवाडीसाठी दर मॅचला त्या भोकातनं एवढं ओरडून टीम सांगणारा जावई शोधून सापडायचा न्हाय. पण आज कायबी ऐकाय आलं न्हाय बघा, पोरं खोळंबल्यात. तेवढा पंखा पयल्यासारखा करा की."