ह्यांच्या मापाची पायरी

मागच्या दारातून फरशीच्या अंगणात उतरायचं म्हणजे गुडघाभर उंची. मी तिथे विटांची पायरी बांधायला काढली, तर सून म्हणाली, "आई, गुडघे दुखतात हे आधी सांगायचं ना." म्हटलं, "दुखोत तुझे. माझे पाय ठणठणीत आहेत."

गवंड्याने आधी विटा नुसत्याच रचल्या. "आजी, चढून बघा. उंची पटली की सिमेंट लावतो." मी कोपऱ्यातली ह्यांची काठी घेतली, ह्यांच्यासारखा डावा पाय ओढत चढून बघितलं आणि एक थर कमी करायला लावला.

"पाय ठणठणीत ना, आजी? मग ही नाटकं कशाला?" गवंडी हसला.

"तू विटा लाव. तोंड नको चालवूस."

हे जाऊन वर्ष झालं. तरी रोज दिवेलागणीला काठीची ठकठक अंगणातून दाराशी येते, थांबते, आणि हे म्हणतात, "हात दे गं." जिवंतपणी रोज दिला, बडबडत का होईना. आता दिला तर मला घेऊनच जातील, एवढं कळायला शाळा शिकावी लागत नाही. म्हटलं, पायरी करून देते, आपले आपण चढा, माझा हात सोडा.

काल सिमेंट वाळलं. दिवेलागणीला काठी पायरीवर टेकली आणि न अडखळता वर आली. मी दाराआडून विचारलं, "जमली का उंची?"



"झकास," हे म्हणाले. "आता तुलाही उतरायला जड जाणार नाही."