निशाण्याचा आवाज

स्वयंपाकघरात पोळपाट धपकन पडला, तशी अनुपमा दचकली. हेडफोन मानेवर सरकवून ती धावली. ओट्याशी पाच वर्षांची इरावती कमरेवर हात ठेवून उभी.

"आई, केव्हाच्या शिट्ट्या होतायत. मी मोजायच्या पण थांबले."

कुकरमधली डाळ खाली लागली होती. अनुपमाने गॅस बंद केला. "या हेडफोनपायी घर जाळीन मी एक दिवस," ती पुटपुटली.

फोन थरथरत होता. पवईच्या गेम कंपनीच्या ऑफिसातून हर्षद.

"अनु, काय गं हे? तुझ्या रिपोर्टने इथे वाट लागलीय. गेम उद्या बाहेर काढायचाय."

"मग आज दुरुस्त करा. शत्रूचा रोबो निशाण्यावर आला की रिंगण लाल होतं, पण बारीक बीप यायला हवी, ती येतच नाही. स्फोट, रोबोची पावलं, सगळं झकास. तेवढंच गायब."

"माझ्याकडे येते."

"माझ्याकडे नाही. हेडफोन बदलले, नवऱ्याचा लॅपटॉपही लावून पाहिला."

"ऐक. तुझ्या शब्दावर मी गेम थांबवला आणि काहीच निघालं नाही, तर पुढचं काम तुला नाही देता येणार, यार. माझ्या हातात नसेल ते."

घरी बसून गेम तपासायचं हे इरावतीच्या जन्मानंतर मिळालेलं पहिलंच काम. गप्प बसणं सोपं होतं. पण चूक ती चूक.

"थांबव," ती म्हणाली.

तेवढ्यात दारावर धडाधड थापा. शेजारच्या शकुमावशी, हातात सोलकढीचं भांडं.

"किती वेळ बेल दाबतेय गं बाई. बदल ना ती."

"परवाच बदलली हो मावशी. मालच असला मिळतो हल्ली."

मावशी गेल्या. अनुपमा पुन्हा लॅपटॉपसमोर बसली. हर्षदला पुरावाच पाठवायचा. तिने हेडफोनची वायर उपटली, आवाज पूर्ण वाढवला, मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला.

तिचा रोबो धडधडत पुढे निघाला. टेबल हादरलं. शत्रू निशाण्यावर आला, रिंगण लाल झालं. तिने श्वास रोखला. काही नाही. पुन्हा नेम धरला. लाल. काही नाही.

"बघ हर्षद," ती मोबाइलकडे वळून म्हणाली. "आता बोल."

मागे इरावतीने दोन्ही कान घट्ट दाबून धरले होते.

"आई, बंद कर ना, कानात टोचतंय. ते गोल लाल झालं की चिमणीसारखं कोण ओरडतं गं?"