कुत्र्याचा पट्टा

मेंढी फाडणाऱ्या कुत्र्याला मालकानेच गोळी घालायची, हा फॅरो बेटांवरच्या त्या गावचा रिवाज. रोईच्या कुत्र्याने मेंढी फाडली, तेव्हा कळपांचा कारभारी हानुस काल रिवाजावर अडून बसला. "म्हातारं जनावर आहे रे, एवढा निर्दय होऊ नकोस," रोईने गयावया केली. शेवटी रोईनेच कुत्र्याचा पट्टा सोडवून खिशात घातला, चाप ओढला. आज पाखरांची अंडी काढायला हानुस कड्यावरून लोंबकळत होता, वर दोर धरायला एकटा रोई. वर येताना अर्ध्यावर दोर थांबला. "रोई, ओढ रे बाबा." दोर हलेना. खाली समुद्र खडकांवर आपटत होता.  निर्दय म्हणजे काय, ते हानुसला आता कळलं. मग दोर हलला. हानुस माथ्यावर पोचला. दगडाच्या धारेवर, दोराखाली, तोच पट्टा अंथरलेला होता. "दोर काचत होता," रोई म्हणाला. "पट्ट्याला आता दुसरं काम काय?"