चार बोटं खाली

गेली तीन वर्षं दर रविवारी मोघेकाकूंना नवऱ्याचे फक्त पाय दिसत. बाकीचे मोघे सोसायटीच्या पार्किंगमध्ये, त्या लाल, दोन दारांच्या, पंचवीस वर्षं जुन्या स्पोर्ट्‌स कारखाली असत. गळणारं ऑइल झेलायला काकूंची पोळ्यांची परात गेली, तरी त्या गप्प राहिल्या. दसऱ्याला याच गाडीतून माहेरी न्यायचं कबूल झालं होतं.

नवा सायलेन्सर बसला, रुंद टायर आले. शेवटी मोघ्यांनी स्प्रिंगा बदलून गाडी चांगली चार बोटं खाली आणली. "आता बघ, कशी रस्ता धरून पळते!"

दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. काकूंनी ओवाळलं आणि पैठणी सावरत आत बसल्या. बघायला अख्खी सोसायटी जमलेली. मोघ्यांनी काळा चष्मा चढवला. गाडी गुरगुरली, लिंबं चिरडत रुबाबात गेटपर्यंत गेली आणि तिथल्या स्पीडब्रेकरवर पोट टेकून बसली. पुढे जाईना, मागे येईना.

तो स्पीडब्रेकर मोघ्यांचाच. सेक्रेटरी असताना साऱ्या सोसायटीशी भांडून त्यांनी तो वीतभर उंच करून घेतला होता.

मागे हॉर्नचा कल्लोळ झाला. काकू कशाबशा बाहेर आल्या.

"अहो, मीटिंगमध्ये तुम्हीच म्हणाला होतात ना? गाडी कोणाच्याही बापाची असो, इथे थांबलीच पाहिजे."

आणि त्यांनी रिक्षाला हात केला.