ट्रेलर सोडल्यानंतर

गोदामाच्या आवारात ड्रायव्हरने ट्रेलर सोडला, तेव्हा ट्रकची मागची बाजू वर आली नाही. ओझं सुटलं की ती हातभर वर यायचीच. पण तीन दिवस स्टिअरिंगमागे काढून त्याचा पार पिट्टा पडला होता. असेल काहीतरी म्हणून, ट्रेलर तिथेच ठेवून, तो घराकडे निघाला.

चढाला लागल्यावर डिझेल इंजिन कण्हायला लागलं. गिअर आपोआप बदलणारे, पण तिसऱ्याच्या वर जायचं नाव घेईनात. त्याने मेव्हण्याला फोन लावला. मेव्हणा मेकॅनिक.

"दाजी, ट्रेलर ओढायचं बटण चालू राहिलं असेल. बंद करा."

"बंदच आहे रे."

"मग गाडीला वाटतंय, मागे वजन आहे."

"मागे चिटपाखरूसुद्धा नाही!"

आरशात टळटळीत ऊन आणि रिकामा रस्ता.

शेवटी वैतागून त्याने ते बटण चालू केलं. तसं इंजिनाचं कण्हणं थांबलं आणि ट्रक निमूटपणे, भरल्या गाडीच्या चालीने चढून गेला. त्याला बरं वाटलं. इतका थकला होता, की बरं वाटलं.

घरासमोर त्याने ब्रेक दाबला. क्षणभराने मागून हलकासा धक्का आला, ट्रेलर थांबताना देतो तसा. तो स्टिअरिंग धरून बसूनच राहिला.

बायको दार उघडून उंबऱ्यात आली. "अहो, बसलात काय? या ना आत."

तेवढ्यात ट्रकची मागची बाजू अलगद वर आली.