बंद खोलीतली खरखर

"आज काही तू सुटत नाहीस," म्हणत बाईंनी घराच्या दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने टेबलाखालून डोकं बाहेर काढलं. "बाई, कुलूप कशाला? मी काय पळून जातोय?"

"मागच्या वेळी पळालासच की. 'झालं' म्हणालास, आणि तू जिना उतरतोस न उतरतोस तोच स्पीकरमध्ये खरखर हजर. ती गेल्याशिवाय दार उघडणार नाही."

बाई निवृत्त शिक्षिका. अंध मुलांसाठी धडे वाचून या जुनाट कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायच्या. घरात दुसरं माणूस नव्हतं. जीव काय तो त्या धड्यांत. बाहेरचा आवाज नको म्हणून खिडक्यांना जाड रजया ठोकलेल्या, पंखा बंद. दुरुस्तीवाल्याचा जीव उकडून निघत होता. त्यात सकाळीच मालकाने बजावलं होतं, "ही तक्रार पुन्हा आली तर दुकानाची पायरी चढू नकोस." हल्ली त्याच्याच कामांच्या तक्रारी यायच्या. गिऱ्हाइकं फार नखरेल झालीत, असं त्याचं ठाम मत होतं.

त्याने कॉम्प्युटरमधलं, आवाज काढणारं साउंड कार्ड उपसलं, त्याच्या कडेचे सोनेरी दात खोडरबराने घासून लख्ख केले आणि दुसऱ्या खाचेत बसवलं. स्पीकरची वायर बदलली. मग बाईंचाच एक धडा लावला.

"घ्या. एकदम स्वच्छ!"

बाई काहीतरी पुटपुटल्या.

"काय?"

"आहे म्हटलं. अजून आहे."

बाईंचं बोलणंही असं तोंडातल्या तोंडात. घरी बायकोची तऱ्हा उलटी, ती हल्ली साधं 'जेवायला या'सुद्धा ओरडून सांगायची. धड बोलणारं माणूस काही त्याच्या नशिबात नव्हतं.

मध्येच "कुकर झाला वाटतं" म्हणत बाई उठल्या, गॅस बंद करून आल्या आणि पुन्हा खुर्चीत ठाण मांडून बसल्या. त्याने कार्ड परत काढलं, परत घासलं, परत बसवलं. बाईंनी परत मान हलवली. त्याला त्या रजयांची, त्या कुलपाची भयंकर चीड आली. त्याने आवाज पूर्ण मोठा केला.

"आता ऐका! कुठे आहे खरखर?"

बाईंनी दोन्ही कानांवर हात दाबले. "अरे, बंद कर ते!"

हट्टाला पेटलेली माणसं अशीच नाटकं करतात. त्याने धडा थांबवला आणि आवाजात जमेल तेवढी माया आणली.

"बाई, रागावू नका. याच कामात माझे केस पिकलेत. मशीन ठणठणीत आहे. वय झालं की कानात असे आवाज येतात. एकदा डॉक्टरला दाखवा."

बाईंचा चेहरा उतरला. भांडायचा सगळा जोरच गेला.

"म्हणजे माझेच कान?"

"होतं असं. त्यात लाजायचं काय?"

 बाईंनी अंध मुलांच्या शाळेत फोन लावला. "माझं वाचन आता बंद समजा. कान दगा देतायत. चुकीचं काही पोरांच्या हाती पडायला नको. दुसरं कोणीतरी बघा." फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले.

त्याला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पण सुटलो एकदाचा, असंही वाटलं. तो हत्यारं पिशवीत भरू लागला.

"तो धडा लाव रे पुन्हा," बाई म्हणाल्या. "असू दे मोठ्यानेच. शेवटचं ऐकते."

त्याने लावला. खोलीभर बाईंचा आवाज घुमला, मऊ आणि नितळ. किती छान वाचतात, त्याच्या मनात आलं.

"बेल वाजतेय," बाई म्हणाल्या. त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

दारात खालच्या मजल्यावरची शेजारीण उभी होती, कडेवर मूल घेऊन, धापा टाकत.

"बाई, कसली हो ही चरचर?" तिने ओरडून विचारलं. "पार खालपर्यंत ऐकू येतेय. मला वाटलं, तुमच्या गॅसवर काहीतरी जळतंय!"